‘कार्टून बंद कर’ म्हणणाऱ्या आई-बाबांना खुलं पत्र

प्रिय आई-बाबांनो,

सप्रेम नमस्कार.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. नववी-दहावीच्या पालकांशी बोलताना हल्ली एक तक्रार हमखास कानावर येते. मुलगा किंवा मुलगी खोलीचं दार लावून तासन्‌तास जपानी कार्टून बघते, जेवायला चार हाका माराव्या लागतात, आणि त्यात भर म्हणजे बघता बघता चक्क रडते. अभ्यासाच्या तक्रारीपेक्षा या रडण्याची तक्रार जास्त वैतागून केली जाते. ‘एवढा मोठा घोडा झाला, चाच्यांच्या कार्टूनवर रडतो’ हे वाक्य मी मुलाच्या देखत उच्चारलेलं ऐकलं आहे. मूल तेव्हा खाली मान घालून उभं होतं. हे पत्र त्या रडण्याबद्दल आहे.

बहुतेक वेळा ते कार्टून ‘वन पीस’ असतं. कुमामोतो प्रांतात १९७५ साली जन्मलेल्या एइचिरो ओदा यांनी ही चित्रकथा जुलै १९९७ मध्ये ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात सुरू केली. ऑक्टोबर १९९९ पासून तिची ॲनिमे मालिका टीव्हीवर येऊ लागली. म्हणजे तुमच्यापैकी काहींची लग्नंही झाली नव्हती तेव्हापासून हे चालू आहे. शंभराहून जास्त खंड झाले, मालिकेचे अकराशेच्या वर भाग झाले, आणि गोष्ट अजून संपलेली नाही. तुमचं मूल एवढा पसारा बघतंय तर त्यात काहीतरी त्याला धरून ठेवणारं असणार. ते काय आहे, हे त्याला विचारण्याआधी तुम्हाला थोडं माहीत असावं, म्हणून लिहिते आहे.

नायक लुफी. रबरासारखं ताणता येणारं अंग, डोक्यावर गवती टोपी, आणि चाच्यांचा राजा व्हायचं वेड. राजा म्हणजे काय, असं रेली नावाचा एक म्हातारा, मुरलेला दर्यावर्दी त्याला आडून विचारतो: हा समुद्र तुला ताब्यात ठेवता येईल का? लुफी सांगतो की मला कुणावर राज्य करायचं नाही, या समुद्रावर जो सगळ्यात स्वतंत्र, तोच चाच्यांचा राजा.

इथे तुमच्यापैकी काहींच्या कपाळावर आठी पडेल. आधीच घरात ऐकत नाहीत, त्यात हे स्वातंत्र्याचे धडे. शिवाय नायक कोण, तर दरोडेखोर. या दुसऱ्या शंकेचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. सरखेल कान्होजी आंग्र्यांना इंग्रजांनी आपल्या कागदपत्रांत चाचाच ठरवलं होतं. ‘वन पीस’मध्येही चाचा कुणाला म्हणायचं हे जागतिक सरकार नावाची एक सत्ता ठरवते, आणि त्या सत्तेच्या शिखरावर बसलेले ‘स्वर्गीय ड्रॅगन’ माणसं विकत घेतात, त्यांना साखळीला बांधून फिरवतात. मुलांना हा अन्याय बरोबर कळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये इंडोनेशियात स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर लोकांनी घरांवर, ट्रकांवर लुफीचा कवटी-टोपीचा झेंडा लावला, आणि सप्टेंबरमध्ये नेपाळमधल्या तरुणांच्या आंदोलनातही तोच झेंडा दिसला.

पण तुमच्या घरातलं मूल ज्या स्वातंत्र्यासाठी ही गोष्ट बघतं, ते मला वेगळं वाटतं. ही मालिका मी पूर्ण गांभीर्याने पाहिली, आणि माझं स्पष्ट मत झालं की ती मुलांपेक्षा मोठ्या माणसांबद्दल जास्त आहे. मुलाला किती धरायचं, कधी सोडायचं, आणि सोडल्यावर काळजात जे होतं ते कुठे ठेवायचं, हे त्यातली मोठी माणसं पुन्हा पुन्हा शिकतात. काही शिकत नाहीत. मुलं ते सगळं बघत असतात.

दादानचं उदाहरण देते. डोंगरात राहणारी, धिप्पाड, तोंडाने फटकळ अशी ही बाई लुटारूंच्या टोळीची म्होरकी आहे. नौदलातला गार्प नावाचा अधिकारी तिच्या गळ्यात दोन पोरं बांधतो. एक त्याचा स्वतःचा नातू लुफी आणि दुसरा एस. एस हा चाच्यांचा राजा रॉजर याचा मुलगा. रॉजरला मृत्युदंड देऊन सरकार थांबलं नाही, त्याचा वंश शोधत राहिलं. म्हणून एसच्या आईने, रूजने, त्याला वीस महिने पोटात लपवलं, आणि जन्म देऊन ती गेली. असं हे पोर. गावात कुणालाही त्याने विचारलं की रॉजरला मुलगा असता तर काय केलं असतं, की लोक हसत हसत त्याला कसं हाल करून मारायला हवं ते सांगायचे. दहा वर्षांचा मुलगा हे ऐकून घरी यायचा. एकदा तो गार्पला विचारतो, मी जन्माला आलो हे बरं झालं का? गार्प म्हणतो, ते जगून बघितल्यावरच कळेल.

मला हे उत्तर पहिल्यांदा कोरडं वाटलं होतं. आजोबाने मांडीवर घ्यायला हवं होतं. पण त्या उत्तरात खोटा दिलासा नाही, आणि एसने ते आयुष्यभर जवळ ठेवलं.

एस आणि लुफीला त्या डोंगरात साबो भेटतो. तो गोवा राज्याच्या तटबंदीतल्या एका खानदानी घरातून पळून आलेला. (राज्याचं नाव खरंच गोवा आहे, आपल्या गोव्याशी मात्र त्याचा कथेत काही संबंध नाही.) दादानची दारू चोरून तिघे पोरं तीन पेले भरतात आणि भाऊ होतात. रक्ताचं नातं कुणाचंच कुणाशी नाही. साबोच्या बापाला मुलगा हवा आहे तो राजघराण्यात सोयरीक जुळवण्यापुरता. शहराबाहेरचा कचऱ्याचा डोंगर आणि त्यात राहणारी माणसं पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून जाळून टाकायचं ठरतं, आणि साबोच्या लक्षात येतं की हे सगळ्या बड्या घरांना ठाऊक आहे, त्याच्या आईबापांनाही. तो एकटाच छोट्या होडीतून समुद्रात निघतो, आणि एका स्वर्गीय ड्रॅगनच्या जहाजावरून त्या होडीवर गोळा डागला जातो.

ही बातमी डोंगरात पोचते तो प्रसंग जरूर बघा. एस सूड घ्यायला निघतो. दादान त्याला जमिनीवर दाबून धरते, तू त्यांचं काय वाकडं करणार आहेस असं ओरडून विचारते, आणि आपल्या माणसांना त्याला झाडाला बांधून ठेवायला लावते. रात्रभर. स्वातंत्र्याच्या या एवढ्या मोठ्या गोष्टीत एका मुलाला दोराने बांधलं जातं, आणि ते प्रेमाने केलेलं आहे यात बघणाऱ्याला तिळमात्र शंका राहत नाही. तीच दादान पुढे सतरा वर्षांच्या एसला समुद्रावर जाऊ देते, आणि तीन वर्षांनी सतरा वर्षांच्या लुफीलाही. लुफी निरोप घेताना म्हणतो की मला डोंगरी लुटारू आवडत नाहीत, पण तुम्ही लोक आवडता. ती तोंड झाकून घेते, रडणं दिसू नये म्हणून. तिचं लपवणं मला आपल्या घरांतलं वाटलं.

साबो गेल्यावर लुफी एसला म्हणतो, तू तरी मरू नकोस. एस वचन देतो. असल्या रडक्या धाकट्या भावाला सोडून मी मरणार नाही.

तुमची मुलं जिथे रडतात तो प्रसंग या वचनाचा आहे. मारीनफोर्ड नावाच्या नौदलाच्या तळावर एसला जाहीर मृत्युदंड द्यायचं ठरतं. लुफी अर्धं जग ओलांडून त्याला सोडवायला येतो आणि सोडवतोही. दोघे पळत सुटतात, आणि वाटेत एका सेनापतीने लुफीवर उगारलेली लाव्ह्याची मूठ एस आपल्या पाठीवर घेतो. भाऊ लुफीच्या खांद्यावर मान टाकून बोलत असतो. लुफी म्हणतो, तू मरणार नाही म्हणाला होतास. मरता मरता एस आभार मानतो. माझ्यासारख्यावर तुम्ही प्रेम केलंत, म्हणतो. लहानपणी गार्पला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला वयाच्या विसाव्या वर्षी, छाती भेदली गेल्यावर मिळतं. मालिकेतला हा ४८३ वा भाग. कित्येक मुलांना हा आकडा तोंडपाठ आहे.

तळावर गार्पही असतो. नातवाच्या वधस्तंभापाशी वर्दीत बसलेला, आणि रडणारा. गुन्हेगारांबद्दल मला दया नाही, पण घरच्या माणसांचं वेगळं असतं, असं तो कबूल करतो. लुफी समोरून धावत येतो तेव्हा त्याला अडवणं हे गार्पचं कर्तव्य असतं. तो हात उचलतो आणि शेवटच्या क्षणी डोळे मिटून मार खातो. युद्धानंतर तो गावी परततो तर दादान त्याला सगळ्यांसमोर बडवून काढते: नातवापेक्षा तुला कायदा मोठा झाला का? गार्प हात वर करत नाही. शेवटी गावातली माणसं दादानला आवरू बघतात. सगळ्यात जास्त यातना यांनाच होत आहेत, म्हणतात. हे भांडण लिहिणाऱ्या माणसाला घर म्हणजे काय ते नक्की माहीत आहे. मयताच्या घरात दोष कुणाचा यावरून जे होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता माझ्या वर्गातल्या एका मुलाबद्दल सांगते. त्याची ओळख पटेल असं काही लिहीत नाही, आणि त्याला विचारूनच लिहिते आहे. त्याचे वडील हृदयविकाराने अचानक गेले. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी तो गणवेश घालून वर्गात हजर. घरी आलेल्या प्रत्येक नातेवाईकाने त्याला एकच सांगितलं होतं: आता तूच घरातला कर्ता, आईसमोर रडायचं नाही. त्याने ते पाळलं. वर्गात तो इतका शांत असायचा की आम्हा शिक्षकांना त्याचं कौतुक वाटायचं. कित्येक महिन्यांनी मी ‘मला भावलेली व्यक्तिरेखा’ असा निबंध दिला. त्याने लुफीवर लिहिलं, एस गेल्यानंतरच्या लुफीवर. त्यात एक वाक्य होतं: ‘लुफीला सावरायला दोन वर्षं मिळाली. मला तेरा दिवस मिळाले आणि त्यात पाहुणे होते.’

खरं तर कथेत ती दोन वर्षं लुफीला शोक करायला मिळत नाहीत, बळ कमवायला मिळतात. पण त्या मुलाने आपल्याला लागेल तसं वाचलं, आणि माझ्या मते बरोबर वाचलं. त्याच्या परवानगीने ती वही मी त्याच्या आईला दाखवली. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मी पण त्याच्यासमोर रडत नाही, त्याला त्रास होईल म्हणून. दोन खोल्यांच्या घरात दोघं एकमेकांपासून रडणं लपवत होती. आणि तो दार लावून कार्टून बघत बसतो ही तक्रार आधी त्यांनीच केली होती.

एस गेल्यावर लुफी नक्की काय करतो ते सांगते, कारण त्या मुलाला तेच हवं होतं. तो शुद्धीवर येतो आणि किंचाळतो, झाडं मोडतो, डोकं आपटून रक्तबंबाळ होतो. मी इतका दुबळा आहे, म्हणतो. जिन्बे नावाचा, स्वतः पट्ट्यांनी गुंडाळलेला दर्यावर्दी त्याला समोर येऊन अडवतो. तो ‘रडू नको’ म्हणत नाही. ‘देवाची इच्छा’ म्हणत नाही. ‘तो जिथे आहे तिथे सुखात असेल’ हेही नाही. गेलेलं गेलं, तेच मोजत बसू नकोस, तुझ्याजवळ अजून काय उरलंय ते सांग, असं तो ठणकावतो. लुफी बोटं मोजू लागतो. एकेक साथीदार, एकेक बोट. आणि मग जहाजावरची आपली माणसं आहेत असं म्हणून पुन्हा ढसाढसा रडतो. सांत्वनानंतर रडणं थांबत नाही, एवढंच की आता ते एकट्याचं नसतं. आपल्याकडे भेटायला येणारी माणसं ज्या घाईने विषय बदलतात, ती घाई इथे कुणालाच नाही.

ओदांना हे शोकाचं काम फार नीट कळतं. मुलं ज्याला सगळ्यात जास्त रडतात त्यात ‘गोइंग मेरी’ नावाचं एक जहाजही आहे. दुरुस्त होणार नाही इतकं मोडलेलं, शेवटच्या फेरीत सगळ्यांना वाचवून आणणारं. लुफी स्वतःच्या हाताने त्याला अग्नी देतो. ब्रूक नावाचा वादक मेलेल्या सोबत्यांच्या जहाजावर पन्नास वर्षं एकटा धुक्यात भटकतो. कारण किनाऱ्यावर एक देवमासा त्यांची वाट बघतो आहे आणि त्याला निरोप पोचवायचा आहे.

आणि बेलमेर. आयांनो, निदान तिच्यासाठी तरी ही मालिका बघा. नौदल सोडलेली, संत्र्यांची बाग करणारी, हातात पैसा न टिकणारी ही बाई. रणांगणावर सापडलेल्या दोन मुली, नोजिको आणि नामी, तिने वाढवल्या आहेत. आर्लाँग नावाचा चाचा गावावर कब्जा करतो आणि माणशी दर ठरवतो: मोठ्याचे एक लाख बेरी (हे तिथलं चलन), लहानाचे पन्नास हजार. बेलमेरजवळ जेमतेम एक लाख आहेत. मुली लपलेल्या आहेत, गावकरी तिला गप्प राहायला सांगताहेत, ती सुटू शकते. ती पैसे देऊन सांगते की हे माझ्या दोन मुलींचे. मला मुली नाहीत हे तिच्या जिभेवर येत नाही. ती गोळी खाते, मुलींच्या डोळ्यांदेखत. गणित अगदी पहिलीतलं, पन्नास अधिक पन्नास. ते करताना एकही मूल चुकत नाही, आणि त्या बेरजेचा अर्थही कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

बापांसाठी कुमा आहे. त्याची मुलगी बॉनी दुर्धर आजाराने खोलीत कोंडलेली. उन्हात जायचं नाही, चांदण्यातही नाही. तिच्यावर उपचार व्हावेत म्हणून कुमा आपल्या शरीराचं शस्त्र करून द्यायला आणि शेवटी स्वतःचं मनसुद्धा सरकारला देऊन टाकायला तयार होतो. स्वातंत्र्याच्या गोष्टीत एक बाप आपलं सगळं स्वातंत्र्य मुलीसाठी गहाण टाकतो आणि तिला त्याचा पत्ता लागू देत नाही. याच्या उलट लुफीच्या साथीदाराचा, सांजीचा, जन्मदाता (त्याचं नाव जज), ज्याला मुलं सैन्यासाठी हवी होती आणि कमजोर निघालेला सांजी त्याने तळघरात डांबला. सांजीचा खरा बाप झेफ नावाचा एक पाय गमावलेला आचारी. सांजी त्याचं हॉटेल सोडून निघतो तेव्हा दोघं फुगून बसलेले, एकमेकांकडे बघतही नाहीत. झेफ फक्त म्हणतो, सर्दी होऊ देऊ नकोस. आणि सांजी जमिनीवर डोकं टेकून रडत आभार मानतो. ‘पोचलास की फोन कर’ एवढंच म्हणून आत वळणाऱ्या बाबांना हा प्रसंग लगेच कळेल.

मालिकेत सगळं चांगलं आहे असं मी म्हणत नाही. बायकांची चित्रं ज्या पद्धतीने काढली आहेत ती मला अजिबात पटत नाहीत, आणि त्याबद्दल मुलांशी, विशेषतः मुलग्यांशी, बोललं पाहिजे. मारामारी भरपूर आहे. मधले कितीतरी भाग पाणी घालून वाढवलेले आहेत. रात्री एकपर्यंत बघू नको, हे सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. रोज किती बघायचं ते ठरवा. ते बघताना आलेल्या रडण्याला मात्र हसू नका.

एप्रिल २०१६ मध्ये ओदांच्या कुमामोतोत मोठा भूकंप झाला. त्यांनी मदतीला पैसे दिले, आणि पुढे प्रांतात ठिकठिकाणी लुफी आणि त्याच्या जहाजावरच्या साथीदारांचे, अशा दहा जणांचे ब्राँझचे पुतळे उभे राहिले. सांजीचा पुतळा सगळ्यात जास्त उद्‌ध्वस्त झालेल्या गावांपैकी एका गावात, माशिकीत, आहे. उपाशी माणसाला कधीही परत न पाठवणारा हा आचारी. रॉबिनचा पुतळा एका विद्यापीठाच्या, भूकंपाने बंद पाडलेल्या आवारात आहे. ज्या बेटावर सगळे विद्वान मारले गेले तिथून वाचलेली एकटी मुलगी म्हणजे रॉबिन. तिला ‘मला जगायचंय’ हे मोठ्याने म्हणायला वीस वर्षं लागली. खरी घरं पडलेल्या, खरी माणसं गेलेल्या जागी तिथल्या मोठ्या माणसांनी विचारपूर्वक ही ‘कार्टूनची’ पात्रं उभी केली.

आता विनंती. मुलाला विचारा की मला एखादा भाग दाखवशील का. आधी ते बुजेल, मग इतकं बोलेल की तुम्ही थक्क व्हाल. वेळ थोडा असेल तर दोन तुकडे पुरे. बेलमेर आणि नामीची गोष्ट ३१ व्या भागापासून पुढे पंधरा भागांच्या आत संपते. एस, साबो आणि लुफीचं बालपण युद्धानंतर, ४९३ व्या भागापासून येतं, पण युद्ध आधी बघा, ओदांनी तोच क्रम ठेवला आहे. एस मरणार हे मी सांगून टाकलंय म्हणून मुलं माझ्यावर चिडतील. त्यांना सांगा, हे पत्र मोठ्यांसाठी होतं.

घरात अलीकडे कुणी गेलं असेल, आजी, काका, कुत्रं, कुणीही, तर मुलाबरोबर बसूनच बघा. ४८३ वा भाग त्याला एकट्याला बघू देऊ नका. आणि तुम्हालाच रडू आलं तर उठून स्वयंपाकघरात जाऊ नका.

आपली,
एक मराठीची शिक्षिका